कराटेच्या वर्गाला पहिल्यांदा जाताना

ठाण्यात संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या गृहसंकुलाच्या क्लबहाउससमोरून किंवा शाळेच्या पटांगणाजवळून गेले, तर बऱ्याचदा एका सुरात मोजलेले आकडे कानावर पडतात : इचि, नि, सान, शि, गो. दहाव्या आकड्याला सगळ्यांचा मिळून एक आवाज घुमतो आणि दाराशी चौकशीला आलेला नवा माणूस, मग तो सात वर्षांचा मुलगा असो की पंचेचाळिशीचा गृहस्थ, नकळत एक पाऊल मागे सरकतो. मीही सरकलो होतो. मुलीला वर्गाला सोडून तास संपेपर्यंत बाकावर बसून राहायचे, असा माझा दीड वर्षाचा नेम होता, एके दिवशी सरांनी "नुसते बसून पाठ दुखत नाही का?" असे विचारले, आणि पुढच्या सोमवारी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी ओळीच्या शेवटी अनवाणी उभा राहिलो. आता गेली काही वर्षे नव्याने आलेल्यांना सर माझ्याकडे सोपवतात. त्यांच्यातले बहुतेक जण आज आपल्याला कोणीतरी मारणार या धास्तीने आलेले असतात. पहिल्या दिवशी कोणी मारत नाही आणि मारायलाही फारसे शिकवत नाही. तो तास नीट उभे राहणे, मूठ वळणे आणि थांब म्हटल्याबरोबर थांबणे, एवढ्यातच संपतो. त्यातही मी तिसऱ्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो.

वर्ग निवडताना

'कराटे क्लास' हे शब्द आपल्याकडे इतके सैल वापरले जातात की त्या पाटीखाली तायक्वांदो, किकबॉक्सिंग आणि थोडीफार जिम्नॅस्टिक्सही चालून जाते, म्हणून नेमके काय शिकवतात ते आधी फोनवर विचारून घ्यावे. कराटे ही मूळची ओकिनावा बेटावरची विद्या. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखवले आणि त्यानंतर ती जपानच्या मुख्य भूमीवर रुजली. पाट्यांवर शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू अशी जी नावे दिसतात ती तिच्या शैलींची. शोतोकानमध्ये पाय लांब आणि अंग खाली ठेवून उभे राहण्यावर भर असतो, तर गोजू-र्यूमध्ये आखूड पवित्रे आणि श्वासावर ताबा अधिक. नवशिक्याने या फरकात फार अडकू नये, कारण पहिले सहा महिने दोन्हीकडे घाम सारखाच गळतो. तायक्वांदो ही कोरियाची आणि मुख्यतः पायांची विद्या आहे. जुडो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केला; त्यात पकड, फेक आणि पडणे असते. ऑलिंपिकच्या आशेने मूल घालणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की जुडो तेथे १९६४ मध्ये आला, तायक्वांदोला २००० पासून पदके आहेत, आणि कराटेला मात्र टोकियोत २०२१ मध्ये झालेल्या एकाच ऑलिंपिकमध्ये संधी मिळाली.

शैलीपेक्षा अंतर महत्त्वाचे आहे, हे मी अनुभवाने सांगतो. कासारवडवलीला राहणारा आणि ऐरोलीला नोकरी करणारा माणूस नौपाड्यातल्या सातच्या वर्गाला नाव घालतो तेव्हा त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी घोडबंदर रस्त्याची संध्याकाळची वाहतूक त्या हेतूला दोन महिन्यांत नमवते. शक्यतो चालत किंवा फार तर एका रिक्षेत पोहोचता येईल असा वर्ग पाहावा. नवी मुंबईत, नेरूळ, वाशी, खारघर अशा ठिकाणी, सेक्टरमधल्या शाळांचे हॉल संध्याकाळी वर्गांना मिळतात. तेथेही हाच हिशेब.

नाव घालण्यापूर्वी एक पूर्ण तास बाहेर बसून पाहावा, आणि पाहू देत नसतील तर तेथूनच परत फिरावे. पाहताना सर्वांत उंच लाथ मारणाऱ्या मुलावर नजर ठेवण्यात अर्थ नाही. ओळीत जो सर्वांत ढिला आहे, ज्याचा डावा-उजवा पाय सारखा चुकतो, त्याच्याशी सर कसे वागतात ते पाहावे. ते त्याच्यापाशी जातात का, हाताने कोपर सरळ करून पुन्हा मोजतात का, की चारचौघांत त्याची नक्कल करून इतरांना हसवतात? पहिल्या दिवशी त्या मुलाच्या जागी तुम्ही असणार आहात. काही ठिकाणी अजूनही हातात छडी दिसते. ती फक्त पाय किती वाकला हे दाखवण्यापुरती टेकत असेल तर गोष्ट वेगळी, पण तिचा फटका बसत असेल तर त्याला शिस्त म्हणण्याचे कारण नाही.

पैशांबद्दल संकोच करू नये. महिन्याच्या फीखेरीज प्रवेश फी, ड्रेस, बेल्टची परीक्षा, स्पर्धेचे प्रवेशशुल्क आणि वार्षिक शिबिर असे वेगवेगळे खर्च निघतात, आणि त्यांतले कोणते सक्तीचे आहेत ते पहिल्याच भेटीत विचारावे. मुलीसाठी मी प्रथम जो वर्ग निवडला होता तेथे सवलत मिळते म्हणून वर्षाची फी एकरकमी भरली. चौथ्या महिन्यात त्यांचा हॉल गेला, वर्ग बंद पडला आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी सर्वांना महिन्याला किंवा फार तर तिमाहीला पैसे भरायला सांगतो. वर्षभरात ब्लॅक बेल्ट देण्याचे आश्वासन मिळाले तर ते शिकवण्याचे नसून विक्रीचे आश्वासन समजावे. कराटेत बेल्टची ही पद्धत जुडोकडून आली आणि फुनाकोशींनी स्वतः पहिले 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्याची जपानी श्रेणी, १९२४ मध्ये दिले. काळा पट्टा म्हणजे या श्रेणींतली पहिली पायरी, अर्थात शिकायला लायक झाल्याची खूण मानतात. नियमित सरावाने तेथवर जायला कित्येक वर्षे लागतात. दहावीला वाढीव गुण मिळतील का, हाही हमखास प्रश्न असतो. ते गुण ठरवून दिलेल्या स्पर्धांतल्या कामगिरीवर अवलंबून असतात, बेल्टच्या रंगावर नव्हे. प्रमाणपत्र कोणती संघटना देते हेही विचारावे, कारण कराटेत संघटना अनेक आहेत आणि एकीचा बेल्ट दुसरी मान्य करतेच असे नाही.

घरून निघताना

पहिल्या दिवसासाठी ड्रेस विकत घेऊ नये. सैल टी-शर्ट आणि गुडघे पूर्ण वाकतील अशी ट्रॅकपँट पुरेशी आहे. साखळ्या, धातूची बटणे आणि खिशातल्या किल्ल्या नकोत. हातापायांची नखे आदल्या रात्री कापावीत, कारण वाढलेल्या नखाची किंमत बहुधा शेजारचा माणूस मोजतो. दागिन्यांबाबत थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अंगठी घातलेल्या हाताची मूठ नीट वळत नाही आणि बोट सुजले तर अंगठी कापावी लागते. कानातल्या रिंगा आणि बांगड्या घरी ठेवाव्यात. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते आखूड करून टी-शर्टच्या आत घट्ट बसेल असे ठेवावे, आणि जोडवी मात्र काढावीतच, कारण अनवाणी पायाने वळताना जोडवे मॅटच्या सांध्यात अडकले तर पायाचे बोट मुरगळते. काढवत नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळून घ्यावी. मुलांच्या पायातला काळा दोरा सैल नसला तर अडचण नाही.

जेवण वर्गाच्या किमान दोन तास आधी आटपलेले असावे, आणि मध्ये फार भूक लागली तर केळे खावे. मी माझ्या तिसऱ्या वर्गाला रविवारी सकाळी मिसळ खाऊन गेलो होतो. उठाबशा सुरू झाल्यावर काय झाले ते सभ्य गद्यात लिहिण्यासारखे नाही.

दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा कोणताही त्रास, गुडघ्याचे किंवा कमरेचे जुने दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि मग सरांना बाजूला घेऊन स्वतः सांगावे. फॉर्मवर लिहिले म्हणजे सांगितले असे समजू नये. फॉर्म कपाटात जातो आणि उड्या मारायला सर सांगतात. दम्याचा पंप पिशवीत तळाशी न ठेवता पाण्याच्या बाटलीजवळ ठेवावा. चष्मा असेल तर पहिल्या दिवशी तो चालतो, पुढे जोडीने सराव सुरू झाल्यावर काय करायचे ते तेव्हा ठरते.

पावसाळ्यात सुरुवात करणाऱ्यांनी कोरडा टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवावा. रस्त्यावरच्या पाण्यातून आलेले पाय धुऊन, बोटांच्या फटी पुसून मगच मॅटवर जावे. ओल्या मॅटवर घसरण्याची भीती असतेच, पण अनवाणी वर्गांत गजकर्ण पसरते ते अशाच ओल्या पायांवरून.

आत गेल्यावर

पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. चपला बाहेर ओळीत काढाव्यात, फोन बंद करावा आणि आत शिरताना इतर जण उंबऱ्याशी थांबून किंचित वाकताना दिसतील, तसे वाकावे. आपल्याकडे तालमीत उतरणारा मल्ल लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. हे त्याच जातीचे आहे. समोरच्या भिंतीवर एखादा फोटो असतो आणि त्या दिशेलाही नमन होते. ती पूजा नव्हे, पण कोणाला ते आपल्या श्रद्धेत बसत नसेल तर सरांना शांतपणे सांगावे. मी पाहिलेल्या सरांपैकी कोणी यावर वाद घातलेला नाही. शिक्षकांना 'सर' म्हटलेले चालते, काही वर्गांत 'सेन्सेई' म्हणतात. शिक्षिका असतील तर मुले त्यांना 'मॅडम' किंवा 'ताई' म्हणतात. जे इतर म्हणतात ते म्हणावे.

ओळ बेल्टच्या क्रमाने लागते. समोर तोंड करून उभे राहिले की सर्वांत जुने उजव्या टोकाला आणि नवे डाव्या टोकाला, आणि या क्रमात वयाला काही किंमत नसते. माझ्या उजव्या हाताला पहिले सहा महिने आठ वर्षांची एक पिवळ्या बेल्टची मुलगी उभी राहत असे. ती मला काका म्हणत असे, आणि त्याच आदराने, न वळता, ओठ फारसे न हलवता सांगत असे : "काका, कोपर आत." ऑफिसात चाळीस माणसांना सूचना देणाऱ्या गृहस्थाला हे पहिल्या दिवशी जड जाते. ज्याला ते सहन होते तो टिकतो, असे माझे निरीक्षण आहे.

मग बसणे. डावा गुडघा आधी टेकायचा, मग उजवा, आणि टाचांवर बसायचे. या बैठकीला सेइझा म्हणतात आणि आपल्या वज्रासनाची सवय असलेल्यांना ती परकी वाटत नाही. 'मोकुसो' म्हटल्यावर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे, 'रेई' म्हटल्यावर वाकायचे. गुडघे साथ देत नसतील तर मांडी घालून बसण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी.

त्यानंतरचा वॉर्मअप हा नव्या माणसासाठी सगळ्या तासातला सर्वांत कठीण भाग असतो. पंधरा-वीस मिनिटे धावणे, सांधे फिरवणे, उड्या, जोर, बैठका. जुन्या विद्यार्थ्यांना ही तयारी असते, नव्याला हाच पूर्ण व्यायाम असतो. धाप लागली तर हात वर करावा, ओळीतून मागे सरकून कडेला उभे राहावे, श्वास जागेवर आला की पुन्हा यावे. एकदम खाली बसू नये. थांबणे हा कमीपणा आहे असे वाटून जो चक्कर येईपर्यंत ओढत राहतो, त्याच्यामुळे सगळ्यांचा वर्ग थांबतो. पाय फाकवण्याच्या ताणाबाबत तर माझे मत अगदी कडक आहे : कोणीही मागून पाठीवर भार देऊन किंवा मांड्या दाबून ताण वाढवू लागले, तर "नको, थांबा" असे स्पष्ट म्हणावे. लवचीकपणा महिन्यांनी येतो आणि मांडीचा स्नायू मात्र क्षणात फाटतो.

वॉर्मअप झाल्यावर नव्याला बहुधा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर कोपऱ्यात पाठवतात आणि तेथे मूठ वळायला शिकवतात. हे हसण्यावारी नेऊ नये. चारही बोटे सरळ धरावीत. आधी ती मधल्या पेरापाशी दुमडून बोटांची टोके तळहाताच्या वरच्या कडेला टेकवावीत, मग तशीच आत गुंडाळून तळव्यात घट्ट बसवावीत, आणि शेवटी अंगठा बाहेरून आणून पहिल्या दोन बोटांवर आडवा दाबावा. अंगठा मुठीच्या आत राहिला तर पहिल्याच ठोशाला तो मोडू शकतो, आणि करंगळीच्या बाजूला लांबवर टेकला तर मूठ सैल पडते. ठोसा बसतो तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन गाठींवर. त्या दोन गाठी आणि मनगट यांची एक सरळ रेष झाली पाहिजे. मनगट वर किंवा खाली मोडलेले असेल तर मार समोरच्याऐवजी आपल्यालाच बसतो. ही मूठ घरी भिंतीवर तपासू नये, बसमध्ये मांडीवर तपासावी.

मग जागच्या जागी उभे राहून सरळ ठोसा. पाय खांद्याइतके रुंद. एक मूठ समोर छातीच्या खालच्या उंचीवर, दुसरी कमरेशी, तळवा वर करून. ठोसा निघताना कोपर बरगड्यांना घासून गेले पाहिजे आणि मूठ अगदी शेवटच्या क्षणी वळली पाहिजे. त्याच वेळी दुसरा हात तितक्याच वेगाने कमरेकडे परत यायला हवा. या मागे येणाऱ्या हाताला 'हिकिते' म्हणतात. नव्या माणसाचे सगळे लक्ष पुढे जाणाऱ्या मुठीकडे असते आणि सर मागच्या हाताकडे पाहत असतात. खांदा वर उचलला जाणे, कोपर झटका देऊन पूर्ण ताठ करणे आणि श्वास कोंडून धरणे, या तीन चुका मी दर नव्या माणसात पाहतो. तिसरी चूक ओरडल्याने सुटते. त्या ओरडण्याला 'किआई' म्हणतात. तो घशातून न काढता पोट आवळून काढायचा असतो, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. मुलांना तो आवडतो, मोठी माणसे पहिल्या दिवशी पुटपुटतात. लाजू नये, हॉलमध्ये तुमचा आवाज तुमच्याखेरीज कोणालाही वेगळा ऐकू येत नाही. आमच्या संकुलातल्या एका आजोबांनी या आवाजाबद्दल समितीकडे तक्रार केली होती, आणि पुढल्या वर्षी त्यांचाच नातू पहिल्या ओळीत ओरडत होता.

जपानी शब्दांचे ओझे वाटून घेऊ नये. 'योई' म्हणजे सज्ज, 'हाजिमे' म्हणजे सुरू, 'मावात्ते' म्हणजे वळा. हे आठवड्याभरात कानात बसतात. पहिल्या दिवशी पाठ करायचा शब्द एकच, 'यामे', म्हणजे थांबा. तो ऐकू आला की हात जेथे असेल तेथे थांबला पाहिजे, आणखी एक ठोसा पूर्ण करण्याचा मोह टाळून. पुढे जोडीदार समोर उभा राहतो तेव्हा त्याचे दात या एका शब्दावर अवलंबून असतात, म्हणून सर सुरुवातीपासून तो कान तयार करतात. मी माझ्या ओळीला मुद्दाम सातव्या-आठव्या आकड्याला 'यामे' म्हणतो. जवळजवळ सगळेच एक ठोसा जास्त मारतात आणि मग स्वतःशीच हसतात.

तासाच्या उत्तरार्धात जुने विद्यार्थी 'काता' करतात, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. तेव्हा तुम्हाला बाजूला उभे करून पाहायला सांगतील. त्यांतल्या एकाच माणसाचे फक्त पाय पाहावेत. 'कुमिते', म्हणजे जोडीची लढत, नव्या माणसाला पहिल्या दिवशी देत नाहीत. फार तर कोणीतरी पॅड धरेल आणि त्यावर हळू मारायला सांगेल. पहिल्याच दिवशी "बघू या किती दम आहे" असे म्हणून कोणाशी झुंजवले, तर नम्रपणे नाही म्हणून चपला घालाव्यात.

दुसऱ्या विद्येच्या वर्गात

कराटेखेरीज इतर वर्गांत पहिला तास थोडा वेगळा दिसतो. तायक्वांदोमध्ये आकडे कोरियन असतात, हाना, दुल, सेत, आणि बहुतेक वेळ गुडघा उचलून लाथेची दिशा शिकण्यात जातो. थायलंडच्या मुए थाईमध्ये किंवा किकबॉक्सिंगमध्ये दोरीवरच्या उड्या, हाताला पट्टी गुंडाळणे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी बॅगवर काम असते; तेथे नमन कमी आणि संगीत जास्त. मर्दानी खेळाच्या वर्गात लाठी फिरवण्यापासून सुरुवात होते, आणि २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळालेला दांडपट्टा पहिल्या दिवशी फक्त पाहायला मिळतो, जे योग्यच आहे.

जुडो आणि ब्राझिलियन जुजुत्सूबद्दल मात्र दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली, तेथे सर्वप्रथम पडायला शिकवतात. उकिडवे बसून हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करून मागे लोळायचे आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून, मॅटवर आपटायचे. डोके मॅटला लागता कामा नये. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेल्या माणसाला लाथेपेक्षा तोच उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे सोडवण्याची खूण. पकड घट्ट झाली की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचे, आणि समोरच्याने थोपटले की त्याच क्षणी सोडायचे. दुखेपर्यंत वाट पाहू नये. कराटेतल्या 'यामे'चे काम तेथे हे थोपटणे करते.

आत्मसंरक्षण शिकायला आलेल्या स्त्रियांची पहिल्या दिवशी थोडी निराशा होते, कारण हात पिरगाळून सुटण्याची युक्ती कोणी दाखवत नाही. दाखवलीच, तरी एका तासात शिकलेली युक्ती घाबरलेल्या क्षणी आठवत नाही. केवळ आत्मसंरक्षणच हवे असेल तर तसे सरांना आधी सांगावे, आणि फक्त स्त्रियांची बॅच आहे का हेही मोकळेपणाने विचारावे.

मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी

मूल पहिल्या दिवशी रडले किंवा ओळीत उभेच राहिले नाही तर तो अपशकुन मानू नये. बाकावर बसून पाहू द्यावे, बहुधा तिसऱ्या दिवशी ते स्वतःच उठते. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग हा बराचसा पकडापकडी आणि बेडूकउड्यांचा असतो आणि तसाच असावा. बाकावरून "अरे, नीट पाय उचल ना" अशा सूचना देऊ नयेत. मुलाला एकाच वेळी दोन गुरू झेपत नाहीत आणि ते शेवटी तुमच्याकडेच पाहत राहते.

एका बाबतीत मात्र पालकांनी भीड ठेवू नये. सराव दिसेल अशा जागी बसण्याची मुभा असली पाहिजे. एकट्या मुलाला बंद खोलीत 'स्पेशल प्रॅक्टिस'साठी बोलावणे, पालकांना वगळून मुलाशी खासगी निरोपांची देवाणघेवाण करणे, शिकवण्याच्या कारणावाचून स्पर्श करणे, यांपैकी काहीही खपवून घेऊ नये. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ पासून पोक्सोचा स्वतंत्र कायदा आहे, आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक पालकांना पाठ असावा. चांगल्या शिक्षकाला असे प्रश्न विचारले म्हणून राग येत नाही. आमच्या सरांनी तर नव्या पालकांना ते स्वतःच विचारायला सांगितले आहे.

तास संपल्यावर आणि दुसऱ्या दिवशी

पुन्हा बसणे, डोळे मिटणे, नमन. काही वर्गांत शेवटी पाच ओळींची प्रतिज्ञा म्हणतात. ती येत नसेल तर गप्प बसावे, तोंड हलवण्याचे नाटक करू नये. नंतर हॉल झाडायला किंवा मॅट उचलायला सगळ्यांबरोबर हात लावावा आणि निघताना सरांना सांगून जावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनचा जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. हे दुखणे साधारण चोवीस तासांनी वाढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. स्नायूंचे असे दोन्ही बाजूंना सारखे, बोथट दुखणे नेहमीचे आहे. हलके चालावे, पाणी प्यावे. सांध्यात एकाच बाजूला टोचणारी कळ, सूज, किंवा पाय टेकवताच येत नाही अशी अवस्था असेल तर बाम चोळून वर्गाला न जाता डॉक्टरांना दाखवावे. साधे अंग दुखते म्हणून दुसरा वर्ग बुडवू नये, कारण पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या मध्येच सर्वांत जास्त माणसे गळतात.

चार-पाच वर्ग झाल्यावर ड्रेस घ्यावा. सुती ड्रेस पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून एक माप मोठा घ्यावा आणि गरम पाणी टाळावे. घालताना उजवी बाजू आत आणि डावी बाजू वर येते. उलट पद्धतीने जपानात मृताला वस्त्र घालतात, त्यामुळे कोणीतरी धावत येऊन तुम्हाला सुधारेल. बेल्टचा मध्य बेंबीच्या खाली धरावा, दोन्ही टोके पाठीमागे नेऊन तेथे एकमेकांवर ओलांडावीत आणि पुढे आणावीत. वरचे टोक पोटावरच्या दोन्ही पदरांच्या खालून घालून वर ओढावे, आणि मग दोन्ही टोकांची एक गाठ मारावी. गाठ आडवी बसली आणि टोके दोन्ही बाजूंना सारखी लोंबली तर जमले; गाठ उभी राहिली तर शेवटचा वेढा उलट पडला, तो सोडून पुन्हा बांधावा. बेल्ट धुऊ नये, त्यात घामाची विद्या असते, असा एक समज वर्गात तुम्हाला ऐकायला मिळेल. आमच्या घरी तो आईने ऐकला नाही.

ड्रेस मात्र प्रत्येक वर्गानंतर त्याच रात्री धुवावा. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत जाड सुती कापड दोन दिवस वाळत नाही आणि दमट ड्रेसचा वास हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचतो. हँगरवर उलटा करून, बाह्या ताणून, पंख्याखाली टांगावा. आठवड्याला तीन वर्ग असतील तर पावसाळ्यापुरता दुसरा ड्रेस घेणे, किंवा सरांना विचारून एखाद्या दिवशी टी-शर्टवर उभे राहणे, हे दोनच उपाय मला आजवर सापडले आहेत.